प्रादेशिक वृत्तपत्रांची संघटना: वर्गणी भरून मिळतं काय?

खिळेजुळारी (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरचं एक जिल्हा दैनिक आहे. खप वीस हजारांच्या आतबाहेर. अग्रलेख आणि बातम्या काका बघतात. कागद, हिशेब आणि जाहिरातींची वसुली माझ्या गळ्यात. सध्या घरात वाद चाललाय तो वृत्तपत्र मालकांच्या प्रादेशिक संघटनेची वर्गणी यंदा भरायची की नाही यावर. काकांचा सवाल साधा आहे: "अधिवेशनात शाल-श्रीफळ आणि मंत्र्यांबरोबर फोटो, यापलीकडे आजवर काय पदरात पडलं?" मला ते पूर्ण पटत नाही, पण त्यांना गप्प करील असं उत्तरही एका दमात देता येत नाही. म्हणून इथे.

आधी एक गल्लत काढून टाकू. पत्रकार संघ वेगळा आणि मालकांची संघटना वेगळी. अधिस्वीकृती, पगार, पत्रकारांवरचे हल्ले हे पत्रकार संघाचे विषय. कागदावरचं सीमाशुल्क, सरकारी जाहिरातींचे दर, एजन्स्यांची थकबाकी, खपाची मोजणी, नोंदणीचे नियम हे मालकांच्या संघटनेचे. छोट्या पत्रात मालक, संपादक आणि वार्ताहर एकच माणूस असतो, त्यामुळे तो दोन्हीकडे हजेरी लावतो आणि दोन्हीकडे तीच भाषणं ऐकून घरी येतो.

देशपातळीवर मोठी संस्था म्हणजे इंडियन न्यूजपेपर सोसायटी. १९३९ ची, सुरुवातीला नावात 'इंडियन अँड ईस्टर्न' होतं. भाषिक पत्रांची इंडियन लँग्वेजेस न्यूजपेपर्स असोसिएशन १९४१ ची. छोट्या पत्रांच्या संघटना त्याखेरीज. म्हणजे कल्पना नवी नाही.

माझ्या मते या संघटनांचं सगळ्यात मोलाचं काम सगळ्यात रटाळ आहे, ते म्हणजे उधारी सांभाळणं. मोठ्या कंपनीची जाहिरात आमच्याकडे थेट येत नाही, एजन्सीमार्फत येते. कंपनी पैसे एजन्सीला देते, एजन्सी आपलं १५ टक्के कमिशन ठेवून उरलेले आम्हाला पाठवते. आम्ही त्या कंपनीचं तोंडही पाहिलेलं नसतं. इंडियन न्यूजपेपर सोसायटीने यावर पद्धत बसवली: एजन्सीची आर्थिक पत तपासून तिला मान्यता द्यायची, मान्यता असेल तर कमिशन आणि ६० दिवसांची उधारी. पैसे बुडवले की सभासदांना सूचना जाते आणि मान्यताच धोक्यात येते. आम्ही एकट्याने "तुमच्या जाहिराती घेणार नाही" असं म्हटलं तर एजन्सीला ते कळणारसुद्धा नाही. सगळ्यांनी मिळून म्हटलं की दुसऱ्या दिवशी फोन येतो.

आता हे प्रत्यक्षात कसं होतं तेही सांगतो, नाहीतर वाटेल मी संघटनेचा प्रचारक आहे. एका एजन्सीचं बिल आमच्याकडे परत आलं. शेरा: "अंकाची प्रत जोडलेली नाही." प्रत जोडली होती, पोचही होती. पुन्हा पाठवलं. मग शेरा आला की आरओवर (एजन्सीने पाठवलेल्या जाहिरातीच्या ऑर्डरवर) उंची १२ सेंमी, छापलेली साडेअकरा, सबब रक्कम कमी. तिसऱ्यांदा पाठवलं तेव्हा तिथला माणूस बदलला होता. दरम्यान कागदाच्या रिळांचे पैसे आम्ही रोखीने मोजून बसलो होतो. ही एजन्सी मान्यताप्राप्त नव्हती, म्हणून तक्रार न्यायची तरी कुठे? प्रादेशिक संघटनेने पत्र लिहिलं, अर्धे पैसे आले. उरलेले अर्धे हाच काकांचा मुद्दा.

तर सवाल असा की अशा संघटनेने नेमकं काय करावं, आणि कुणासाठी?

---

बोरकूट

शाल-श्रीफळाला नावं ठेवू नका. बुडीत खात्यात तेवढंच जमा.

---

उपसंपादक_रात्रपाळी

धागा चांगला आहे, पण चित्र फारच गोंडस काढलंय. मी तीन वेगवेगळ्या पत्रांत रात्रपाळ्या काढल्या. मालकांच्या संघटनेला दोन तोंडं असतात. सरकारपुढे गेली की "लोकशाहीचा चौथा स्तंभ", आणि आमच्यापुढे आली की "धंद्यात मंदी आहे".

पत्रकार आणि वृत्तपत्र कर्मचाऱ्यांचे पगार ठरवायला सरकारने नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाचंच घ्या. शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ ला अधिसूचित झाल्या. मालकांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाऊन लढाई केली, फेब्रुवारी २०१४ मध्ये हरले. त्यानंतरही कित्येक ठिकाणी अंमलबजावणी झाली नाही आणि माणसांकडून "आम्हाला मंडळाचं वेतन नको" अशा कागदांवर सह्या घेतल्या गेल्या. त्या काळात संघटनेच्या निवेदनांत अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा शब्द जितक्या वेळा आला, तितक्या वेळा भविष्य निर्वाह निधी आला असता तर माझ्या बऱ्याच सहकाऱ्यांचं निवृत्तीनंतर बरं चाललं असतं.

संघटना हवी हे मान्य. पण ती वृत्तपत्रांची संघटना नाही, वृत्तपत्रांच्या मालकांची आहे. हा फरक पाटीवरच लिहावा.

---

खिळेजुळारी

@उपसंपादक, फरक मी वर लिहिला आहेच, पण तुमचा राग रास्त आहे. एक सांगतो. मजिठियाने उलाढालीवरून वृत्तपत्रांचे आठ वर्ग केले होते, हजार कोटी आणि वर पहिला, एक कोटीच्या खाली आठवा. आमच्यासारख्यांचं ओझं मोठ्यांच्या मानाने बरंच हलकं होतं. तरी लढाईचा सूर मोठ्या पत्रांनी ठरवला आणि आम्ही मागून झांजा वाजवल्या. मला खुपतं ते हेच. संघटना सगळ्यांच्या नावाने बोलते, पण मजकूर मोठ्यांच्या कचेरीत लिहिला जातो.

---

वकिलीण

या मोठा-छोटा भांडणाला मराठीच उदाहरण आहे आणि ते कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं, म्हणून थोडं विस्ताराने.

पहिल्या प्रेस आयोगाने, म्हणजे १९५२ ते ५४ च्या, असं पाहिलं की मोठी भांडवलदार पत्रं कमी किमतीत भरपूर पानं देतात आणि छोट्यांचा गळा आवळतात. उपाय सुचवला तो किंमत आणि पानं यांची सांगड घालण्याचा. अमुक किमतीला अमुकच पानं. त्यावरून १९५६ चा कायदा आला आणि १९६० चा आदेश. हेतू छोट्यांच्या रक्षणाचा. आणि त्याला आव्हान कुणी दिलं? कुठल्या इंग्रजी साखळीने नाही, तर पुण्याच्या 'सकाळ'ने. सोबत दोन वाचकही अर्जदार होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो कायदा रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: पानं कमी करायला लावली किंवा किंमत वाढवायला लावली की खप घटतो, आणि खप हा अभिव्यक्तीचाच भाग आहे. एकाच्या भल्यासाठी दुसऱ्याचं बोलणं आवरता येणार नाही.

आता मला सांगा, प्रादेशिक वृत्तपत्रांच्या संघटनेने त्या खटल्यात कुणाच्या बाजूला उभं राहायला हवं होतं? 'सकाळ' हेही भाषिक पत्रच. आणि संरक्षण मागणारी तालुक्याची पत्रंही भाषिकच. "प्रादेशिक" या एका छत्राखाली एवढे परस्परविरोधी स्वार्थ आहेत की अध्यक्षाने कुठलीही ठाम भूमिका घेतली की अर्धे सभासद रुसणार. म्हणून मग सगळ्यांना चालतील असेच ठराव होतात: कागद स्वस्त करा, जाहिरातींचे दर वाढवा.

दुसरा मुद्दा. संघटनेच्या बैठकीत "उद्यापासून सगळ्यांनी अंकाची किंमत एक रुपयाने वाढवायची" असा ठराव झाला तर तो २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये अडकू शकतो. औषधविक्रेत्यांच्या संघटनांवर स्पर्धा आयोगाने याच कायद्याखाली कारवाई केलेली आहे. वृत्तपत्र म्हणून वेगळी सूट नाही. तेव्हा उधारीची पत तपासणं एक, आणि संगनमताने दर ठरवणं दुसरं. इतिवृत्त लिहिणाऱ्याला हे कळायला हवं.

---

सायकलवरचा_पेपर

किमती ठरवायचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मी वितरक. मालक मंडळी आपसात भांडतात, पण विक्रेत्याचं कमिशन कमी ठेवायचं म्हटलं की सगळ्यांचं एकमत. परतीचे अंक घ्यायचे की नाही, पुरवण्या अंकात घालायची मजुरी कुणी द्यायची, सुट्टी कधी, यावर दरवेळी आम्हाला अंक उचलणं बंद करायची भाषा करावी लागते. पहाटे चारला डेपोवर मुख्य अंक एका गाडीने येतो, पुरवणी दुसऱ्या गाडीने. रस्त्यावर बसून पोरं हाताने पुरवण्या भरतात. पावसात प्लास्टिक आमचंच.

२०२० च्या एप्रिलमध्ये सरकारने घरोघरी पेपर टाकण्यावर बंदी घातली तेव्हा नागपूर खंडपीठात आधी कोण गेलं? पत्रकारांच्या संघटना. औरंगाबाद खंडपीठाने तर आपणहून दखल घेतली. मालकांची निवेदनं आली, नाही असं नाही. पण अंक घरात पोचला नाही तर धंदा त्यांचा बुडतो, मग पुढे त्यांनी असायला नको होतं?

---

निव्वळ_वाचक

मला बाहेरून एक दिसतं ते सांगू का? आमच्याकडे अशी दैनिकं आहेत जी मी कधी कुणाच्या हातात पाहिलेली नाहीत. स्टॉलवर नाहीत, वाचनालयात नाहीत. पण सरकारी जाहिराती त्यांत असतात म्हणे. हीसुद्धा संघटनेची सभासद असतात का? असतील तर वर्गणी कशाची घेता, गप्प बसण्याची?

---

जाहिरातबिल

@निव्वळ_वाचक, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. मी एजन्सीत होतो, म्हणजे धागालेखकाचं बिल परत पाठवणाऱ्या जमातीतला. (अंकाची प्रत हरवण्याचं काम मुद्दाम होत नाही. फार वेळा नाही.)

तुम्ही म्हणता त्याला धंद्यात "फायलीचं दैनिक" म्हणतात. छापायचे मोजके अंक. कचेऱ्यांत टाकायला, फायलीला लावायला आणि बिलाला जोडायला. खपाचा दाखला मात्र भरघोस. याचं मूळ असं की सरकारी जाहिरातीचा दर खपावर ठरतो, आणि छोट्या पत्राच्या उत्पन्नात सरकारी जाहिरात हा मोठा वाटा.

केंद्राच्या २०१६ च्या जाहिरात धोरणाने यावर गुणांची पद्धत आणली. शंभर गुण. त्यातले २५ तपासलेल्या खपाला, २० कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीला, २० पानांच्या संख्येला, १५ वृत्तसंस्थेची सेवा घेण्याला, १० स्वतःच्या छापखान्याला आणि १० प्रेस कौन्सिल या वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या कायदेशीर संस्थेची वर्गणी भरण्याला. गुण जास्त त्याला जाहिरातीत प्राधान्य. उपसंपादक साहेब, भविष्य निर्वाह निधी बघा कुठे येऊन बसलाय.

तेव्हा छोट्या पत्रांच्या संघटनांनी आरडाओरड केली की हे आम्हाला मारायला आणलंय. अर्धं खरं होतं. वृत्तसंस्थेची वर्गणी आणि स्वतःचा छापखाना हे चार पानी साप्ताहिकाला कुठून परवडणार? पण उरलेला अर्धा आवाज फायलीच्या दैनिकांचा होता, आणि खरी छोटी पत्रं त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. माझ्या मते संघटनेची तिथे सगळ्यात मोठी फसगत झाली. खोटा खप दाखवणाऱ्याला बाहेर काढलं असतं तर सरकारपुढे बोलायला तोंड राहिलं असतं. खप तपासायला ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स १९४८ पासून आहे, दर सहामाहीला दाखला देतो. पण त्याचा खर्च आणि कागदपत्रं यांना छोटा मालक भितो. संघटनेने पाच-दहा पत्रं एकत्र करून सनदी लेखापाल लावून दिला असता तर?

---

बोरकूट

फायलीच्या दैनिकाचा एक फायदा आहे. त्यात मुद्रणदोष कुणी काढत नाही.

---

खिळेजुळारी

@जाहिरातबिल, दराचा विषय काढलात म्हणून त्यावर लिहितो, कारण संघटना असण्याचा सगळ्यात उघड फायदा आणि सगळ्यात उघड मर्यादा दोन्ही तिथे दिसतात.

केंद्र सरकारच्या छापील जाहिरातींचे दर जानेवारी २०१९ मध्ये २५ टक्क्यांनी वाढले होते. त्यानंतर नवी दर समिती नोव्हेंबर २०२१ मध्ये नेमली गेली. तिच्यापुढे इंडियन न्यूजपेपर सोसायटी, अखिल भारतीय लघु वृत्तपत्रांची संघटना, छोट्या-मध्यम-मोठ्या पत्रांची सोसायटी अशा सगळ्यांनी म्हणणं मांडलं. अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये गेला. दर जाहीर झाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, २६ टक्के वाढ. एक लाख खपाच्या दैनिकात काळ्या-पांढऱ्या जाहिरातीला चौरस सेंटिमीटरला ४७ रुपये ४० पैसे होते, ते ५९ रुपये ६८ पैसे झाले.

आता मधल्या काळात काय झालं ते पाहा. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात कागदावर १० टक्के सीमाशुल्क आलं. संघटनांनी धोशा लावला, फेब्रुवारी २०२० मध्ये ते ५ टक्क्यांवर आलं. लगेच कोविड. मग २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध, आणि आपला कागद बराचसा रशियातून नि कॅनडातून येणारा. रिळांचे भाव असे चढले की आम्ही पानं कमी केली. या सगळ्या काळात सरकारी दर २०१९ चाच. म्हणजे संघटनेने सीमाशुल्क निम्मं करून आणलं ते काही महिन्यांत, आणि दरवाढ आणायला सहा वर्षं घालवली. काकांना मी पहिलं सांगतो, ते मला दुसरं ऐकवतात.

आणि एक गंमत. प्रेस कौन्सिलच्या कायद्यात १५ हजारांपर्यंत खप असलेलं पत्र छोटं आणि ५० हजारांपर्यंतचं मध्यम. केंद्राच्या जाहिरात धोरणात २५ हजारांपर्यंत छोटं आणि ७५ हजारांपर्यंत मध्यम. आमचं वीस हजारांचं दैनिक दिल्लीत एका दारात छोटं आणि दुसऱ्या दारात मध्यम. संघटनेच्या मदत कक्षात हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी "बघून सांगतो" म्हटलं.

---

वकिलीण

तो प्रेस कौन्सिलचा मुद्दा पुढे नेते, कारण त्यात संघटनेची एक ताकद लपलेली आहे. १९७८ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिलमध्ये अध्यक्ष सोडून २८ सदस्य. त्यात वृत्तपत्रांचे मालक किंवा व्यवस्थापक सहा: दोन मोठ्या पत्रांचे, दोन मध्यम, दोन छोट्या. ही नावं सुचवतं कोण? कौन्सिलने अधिसूचित केलेल्या संघटना. कुणी एकटा मालक अर्ज करून तिथे बसू शकत नाही. म्हणजे तुम्ही संघटनेत नसाल तर देशातल्या सगळ्या छोट्या पत्रांच्या वतीने जे दोघे बसतात, त्यांच्या निवडीत तुमचा आवाज शून्य.

---

मेलबर्नकर

इथे ऑस्ट्रेलियात प्रादेशिक पत्रांच्या संघटनेने जे केलं ते थोडं सांगतो, कारण वकिलीणताईंनी संगनमताचा मुद्दा काढलाय.

२०२१ मध्ये इथे कायदा आला की गूगल-फेसबुकने बातम्यांबद्दल माध्यम कंपन्यांशी वाटाघाटी करायच्या. मोठ्या कंपन्यांनी आपापले करार उरकले. गावोगावच्या पत्रांना कोण विचारतो? मग 'कंट्री प्रेस ऑस्ट्रेलिया' ही प्रादेशिक पत्रांची संघटना स्पर्धा आयोगाकडे गेली आणि सभासदांच्या वतीने एकत्र वाटाघाटी करायची रीतसर परवानगी काढून आणली. म्हणजे एकत्र येऊन भाव ठरवणं इथेही वर्ज्यच, पण समोरचा एवढा अजस्र असेल तर छोट्यांना एकत्र बसू द्यावं, हे आयोगाने मानलं. भारतात असं का होत नाही?

कॅनडाची उलटी गोष्टही ध्यानात ठेवा. तिथल्या अशाच २०२३ च्या कायद्यानंतर मेटाने, म्हणजे फेसबुकच्या कंपनीने, तिथे बातम्याच बंद केल्या. गूगलने वर्षाला दहा कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचं मान्य केलं, पण फेसबुकवरून वाचक मिळवणारी छोटी पत्रं मधल्या मधे अडकली.

आणि इंग्लंड. तिथल्या लंडनबाहेरच्या पत्रांच्या मालकांची संघटना १८३६ ची. तार कंपन्यांकडून मिळणाऱ्या बातम्या महाग आणि भिकार, म्हणून १८६८ मध्ये प्रांतिक मालकांनी मिळून प्रेस असोसिएशन ही स्वतःची वृत्तसंस्था काढली. ती आजही चालू आहे. ठराव नाही केला, संस्था उभी केली.

---

जाहिरातबिल

@मेलबर्नकर, भारतातही झालंय की. पीटीआय, म्हणजे प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया ही वृत्तसंस्था, काय आहे? वृत्तपत्रांनीच मिळून काढलेली, नफा न वाटणारी संस्था. १९४७ मध्ये नोंदली, १९४९ मध्ये रॉयटर्सच्या छत्राखालच्या असोसिएटेड प्रेस ऑफ इंडियाचं काम हातात घेतलं. तेव्हाच्या मालकांना हे जमलं.

गूगलबद्दल म्हणाल तर डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशनच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला, इंडियन न्यूजपेपर सोसायटीही नंतर त्यात उतरली. पण पहिली संघटना मोठ्या समूहांच्या डिजिटल शाखांची. उद्या पैसे मिळालेच तर तालुक्याच्या पत्रापर्यंत किती झिरपतील हे सांगायला ज्योतिषी नको.

माझं म्हणणं, गूगलची वाट बघण्याआधी हातातलं सांभाळा. जाहीर नोटिसा. बँक जप्तीचा ताबा घेते तेव्हा दोन वृत्तपत्रांत नोटीस द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. कंपनी कायद्यातही जिल्ह्याच्या मुख्य भाषेतल्या पत्रात नोटीस देण्याची कलमं आहेत. जमीन खरेदीच्या हरकती, हरवलेले दस्त, वारस दाखले. छोट्या दैनिकाचं चौथं पान यावर चालतं. उद्या एका ओळीच्या दुरुस्तीने "संकेतस्थळावर टाकलं तरी पुरे" झालं की ते पान गेलं. निविदांचं तसंच झालं, ई-निविदा आल्या आणि अर्ध्या पानाची जाहिरात चार ओळींवर आली. अमेरिकेत राज्याराज्यांच्या वृत्तपत्र संघटना हे ओळखून बसल्या. सगळ्या सभासद पत्रांतल्या नोटिसा एका संकेतस्थळावर शोधता येतील अशी सोय त्यांनी स्वतःच केली. शिवाय एक ऑर्डर आणि एक बिल या पद्धतीने राज्यभरच्या छोट्या पत्रांत जाहिरात लावून देतात. एजन्सीत असताना मला अशी सोय हवी होती. चाळीस दैनिकांना चाळीस आरओ, चाळीस बिलं, चाळीस प्रती. वैतागून आम्ही दोन मोठ्या पत्रांत जाहिरात देऊन मोकळे व्हायचो. छोट्यांची जाहिरात पक्षपाताने जात नाही, कंटाळ्याने जाते.

---

उपसंपादक_रात्रपाळी

हे मात्र पटलं. आणि या यादीत एक माझं टाका: वकील. तालुक्याच्या वार्ताहराने वाळूची बातमी दिली की बदनामीची नोटीस येते. रक्कम अशी की आकडा वाचूनच मालक बातमी मागे घेतो. मोठ्या पत्राकडे विधी विभाग असतो. छोट्याकडे ओळखीचा वकील, तोही दिवाणी जमिनीचे दावे चालवणारा. संघटनेने मानधनावर एक चांगला वकील ठेवला तर बातम्या छापून येतील. तेव्हा मी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचं भाषण शेवटपर्यंत ऐकीन.

---

निव्वळ_वाचक

+१. वाचकाला संघटनेचं एवढंच कळेल, की बातमी आली की नाही आली.

---

खिळेजुळारी

सगळ्यांचे आभार. काकांना धागा छापून दिला (हो, छापूनच). त्यांनी सायकलवरच्या पेपरच्या प्रतिसादाखाली रेघ मारली आणि फायलीच्या दैनिकांवर दोन रेघा.

तूर्त ठरलं ते असं. या वर्षीची वर्गणी भरतोय, पण वार्षिक सभेला मी जाणार, काका नाही. दोन विषय लेखी दिलेत. पहिला, एक ऑर्डर आणि एक बिल, निदान आमच्या विभागातल्या दैनिकांपुरतं. दुसरा, सभासदत्वासाठी तपासलेल्या खपाची अट. पहिल्यावर कुणी हरकत घेणार नाही, फक्त काम कोण करणार हा प्रश्न येईल. दुसऱ्यावर मारामारी होईल, कारण कार्यकारिणीतच तशी एक-दोन मंडळी आहेत.

वकिलाचा विषय तिसरा घालणार होतो, पण त्याआधी एक तातडीचं काम आहे. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा नोंदणी कायदा लागू झाला, सगळं प्रेस सेवा पोर्टलवर गेलं. वार्षिक विवरण, प्रकाशक बदलला तर कळवणं, सगळं तिथेच. आमच्या विभागातली निम्मी साप्ताहिकं चालवणारी माणसं सत्तरीची आहेत आणि ओटीपी नातवाच्या फोनवर येतो. संघटनेने विभागवार एक जाणता माणूस बसवला तरी यांची नोंदणी वाचेल. हे आधी मागतोय.

---

वकिलीण

सभेला जाण्याआधी संघटनेची घटना वाचून जा. एका सभासदाला एक मत आहे की वर्गणीच्या प्रमाणात मतं आहेत, हे पाहा. खपाच्या अटीचं भवितव्य त्याच कलमात आहे.

---

खिळेजुळारी

वाचली. एक सभासद, एक मत. पण ठराव सूचीत घ्यायचा की नाही हे कार्यकारिणी ठरवते, आणि त्यासाठी पंधरा सभासदांच्या सह्यांची मागणी लागते. आत्तापर्यंत सहा सह्या झाल्यात. इथे कुणी जिल्हा दैनिक चालवणारं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.